खेळाच्या जगासाठी उत्पत्तिकथा कशी रचावी

नवा डीएम (डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, पात्रं वठवायच्या खेळात कथा चालवणारा) जग रचायला बसला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘सुरुवातीला फक्त अंधार होता.’ मग उजेडाचा एक देव येतो, काळोखाचा एक येतो, दोघांचं युद्ध जुंपतं आणि पाचव्या पानावर कुठे माणूस जन्माला येतो. ही पाच पानं कॅम्पेनच्या (अनेक सेशन म्हणजे बैठका चालणाऱ्या सलग खेळाच्या) आधी सगळ्यांना पाठवली जातात आणि कोणीही वाचत नाही. दोष खेळाडूंचा नाही. त्या पानांतली एकही गोष्ट पहिल्या सेशनमध्ये त्यांच्या पात्रांच्या वाटेत आडवी येत नाही, मग वाचायची कशाला?

नकाशा, एखादं मुख्य ठिकाण आणि एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन-तीन गट एवढं तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. नसेल तर आधी ते करा.

१. आजचं भांडण शोधा

उत्पत्तिकथा सांगणाऱ्याला आज काहीतरी हवं असतं. बॅबिलोनचं ‘एनूमा एलिश’ घ्या. मार्दुक आदिसागर तियामतला मारतो, तिचा देह चिरून आकाश आणि पृथ्वी घडवतो. तिचा साथीदार किंगू, त्याच्या रक्तातून माणूस बनवला जातो. तो कशासाठी? देवांच्या वाट्याचे कष्ट त्याने उपसावेत म्हणून. शेवटी बॅबिलोन उभं राहतं आणि मार्दुकाची ५० नावं घेतली जातात. नववर्षाच्या अकीतू उत्सवात चौथ्या दिवशी हे काव्य मार्दुकापुढे म्हटलं जाई. मंदिराच्या शेतात राबणाऱ्या माणसाला आणि बॅबिलोनच्या राजाला या कथेतून काय काय ऐकू येत असेल, ते बघा. तुमच्या कथेलाही असंच काम द्या.

या लेखापुरतं एक उदाहरण घेऊ. किनाऱ्यावरचं राज्य. दोरवाले जमीन मोजतात आणि सारा वसूल करतात. दर्यावरचे लोक मासे धरतात. भांडण एवढंच: ओहोटीला उघडी पडणारी जमीन कोणाची?

२. घडण निवडा

देह कापून, अंडं फोडून, पाण्याच्या तळातून चिखल वर आणून, नुसत्या शब्दाने, काहीही चालतं. सुचत नसेल तर फासा टाका. एकच सूचना: फसलेले प्रयत्न खेळात फार उपयोगी पडतात. मायांच्या ‘पोपोल वूह’मध्ये देव आधी मातीची माणसं करतात, ती विरघळतात, मग लाकडाची करतात, त्यांना मन नसतं, शेवटी मक्याची जमतात. लाकडी माणसांतली जी उरली त्यांची माकडं झाली. तुमच्या जगातले पडके अवशेष आणि विचित्र प्राणी असे आयते मिळतात.

३. एका दमात सांगता येईल एवढं लिहा

आठ-दहा वाक्यं. मोठ्याने म्हणून बघा. जिथे जीभ अडते ते वाक्य उडवा. दोरवाल्यांची कथा अशी:

‘सगळीकडे पाणी होतं आणि पाण्याला कड नव्हती. मोजणाऱ्याने दोर ताणला. अलीकडे जमीन झाली, पलीकडे समुद्र राहिला. गाठी मारत मारत त्याने किनारा आखला, पण उत्तरेला दोर संपला. म्हणून तिथे अजून किनारा नाही. मोजणारा नवा दोर आणायला गेला आहे. तो परत येईपर्यंत मोजणी आम्ही सांभाळतो.’

शेवटचं वाक्य बघा. साऱ्याची पावती तिथे आहे.

४. तीन खुणा ठेवा

एक शिवी किंवा शपथ, एक मनाई, आणि हात लावता येईल अशी एक वस्तू किंवा जागा. इथे ‘तुझा दोर तुटो’ ही शिवी; गाठ कापायची नाही, सोडवायचीच ही मनाई; आणि उत्तरेचा बिनकाठाचा समुद्र. चौथी खूण करू नका, लक्षात राहत नाही.

५. त्याच कथेचा दुसरा पाठ लिहा

बहुतेकांचं जग इथे लंगडं पडतं, आणि मीही या पायरीवर बराच काळ अडकून होतो. सल्ला सगळीकडे एकच मिळतो: प्रत्येक जमातीला तिची वेगळी उत्पत्तिकथा द्या. मग एल्फ झाडातून निघतात, ड्वार्फ दगडातून, ऑर्क सांडलेल्या रक्तातून. तिन्ही कथा छान आणि तिन्ही निरुपयोगी, कारण त्या एकमेकींना कुठे भिडतच नाहीत. एल्फ आणि ड्वार्फ शेकोटीपाशी आपापली कथा सांगतील, माना डोलावतील आणि झोपतील. तुम्हाला हवे आहेत एकाच घटनेवरून हातघाईवर येणारे दोन पक्ष.

हे साधायच्या तीन तऱ्हा मला ठाऊक आहेत. दोन इतिहासातून उचललेल्या आहेत.

पहिली, नाव बदलणं. अश्शूरच्या लोकांनी बॅबिलोनचं तेच काव्य घेतलं आणि मार्दुकाच्या जागी आपला देव अश्शूर बसवला. लढाई तीच, तियामत तीच, विजेता आपला. खेळात हे दाखवणं सोपं आहे: दोन शहरांत एकच शिलालेख, आणि एकावर नावाची जागा छिन्नीने खरवडलेली.

दुसरी, एक पायरी मागे जाणं. इजिप्तमध्ये हेलिओपोलिसचे पुजारी म्हणत की सगळं आतूमपासून झालं. मेम्फिसचं म्हणणं शबाकाच्या शिळेवर कोरलेलं आहे. २५ व्या राजवंशाच्या काळातली ही शिळा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मेम्फिसवाल्यांनी आतूमला नाकारलं नाही. प्ताहने हृदयात विचार केला, जिभेने उच्चारला आणि त्यातून आतूमसकट सगळे देव झाले, एवढंच ते म्हणाले. प्रतिस्पर्ध्याचा देव खोटा न ठरवता त्याला आपल्या देवाचं लेकरू करून टाकायचं. मंदिरांचं राजकारण हवं असेल तर याहून चांगली युक्ती नाही: पाखंडाचा आरोप करता येत नाही आणि अपमान तर पुरेपूर झालेला असतो.

तिसरी तऱ्हा माझी आवडती: घटना तीच, गुन्हेगार दुसरा. दर्यावरचे लोक सांगतात:

‘दोर कसला? केस होते ते. दर्याबाई झोपली असताना मोजणाऱ्याने तिचे केस कापले आणि त्यांनीच तिला बांधून घातलं. उत्तरेला केस पुरले नाहीत, तेवढी ती मोकळी आहे. दिवसातून दोनदा ती केस शोधत येते. ती जिथून येते-जाते ती तिची वाट. त्या वाटेवर कोणी खुंटी ठोकायची नाही.’

आता ओहोटीच्या जमिनीचं भांडण पेटलं. वर ठेवलेल्या खुणाही दुहेरी झाल्या: दोरवाल्याला गाठ पवित्र आहे, दर्यावरच्या बाईला ती बेडी दिसते, उत्तरेचा समुद्र एकाला अपुरं काम वाटतो, दुसऱ्याला स्वातंत्र्य. नवी एकही गोष्ट जगात घालावी लागली नाही.

दुसरा पाठ लिहून झाला की तीन गोष्टी तपासा, आणि यात सूट घेऊ नका. दोन्ही पाठांनी सगळ्या खुणांचा अर्थ लावला पाहिजे. एकाने तीन उलगडल्या आणि दुसऱ्याने एकच, तर खेळाडू अर्ध्या सेशनमध्ये निकाल लावून मोकळे होतात. दुसरं, प्रत्येक पाठात एक अडचणीचा प्रश्न हवा, ज्याला त्या पक्षाकडे उत्तर नाही. दोरवाल्यांच्या मंदिरातला मूळ दोर कधीच का वाळत नाही? आणि भरतीला दर्याबाई किनाऱ्यापर्यंत येते, तर केस घेऊन का जात नाही? पुढची साहसं याच प्रश्नांतून निघतात.

तिसरी तपासणी सगळ्यात अवघड. दुबळ्या पक्षाचा पाठ गुपचूप खरा करून टाकू नका. डीएमचा हात आपोआप तिकडे वळतो, कारण लपवलेलं सत्य शोधून काढणं हे साहसाला शोभतं. पण मंदिर लबाड आणि गरीब खरे, हा साचा खेळाडूंना पाठ आहे. दुसऱ्या सेशनला ते ओळखतात आणि मग कोणत्याच पुजाऱ्याचं म्हणणं मनावर घेत नाहीत. एखादा दोरवाला असा ठेवा की जो प्रामाणिक आहे, हुशार आहे आणि ज्याच्या मोजणीमुळे एखाद्या विधवेची जमीन वाचली आहे.

६. क्लेरिकची (देवाकडून मंत्र मिळवणाऱ्या पुजारी-पात्राची) तयारी ठेवा

‘डीएमला खरं काय ते माहीत असलंच पाहिजे’ असं ठणकावून सांगणारे भेटतील. मला ते पटत नाही. मात्र त्यांचा एक मुद्दा खरा आहे: कोणीतरी थेट देवालाच विचारणार. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत ‘कम्यून’ हा मंत्र आहे. हो-नाहीत उत्तर देता येईल असे तीन प्रश्न देवतेला विचारता येतात. क्लेरिक विचारेल, ‘ते केस होते का?’ आणि तुम्ही घाम पुसत बसाल.

वाट नियमातच आहे: देव सर्वज्ञ असतीलच असं नाही, उत्तर ‘अस्पष्ट’ येऊ शकतं. पण नुसतं ‘अस्पष्ट’ म्हटलं की खेळाडू चिडतात, त्यामागे कारण हवं. ते ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, नासदीय सूक्तात (१०.१२९) तयार आहे: देव या सृष्टीनंतरचे, मग ती कुठून झाली हे कोण जाणणार? सूक्त तर आणखी पुढे जातं. परम आकाशातून जो हिच्यावर नजर ठेवतो त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. तुमचे देवही किनारा आखल्यानंतर जन्मले असं आजच ठरवून टाका. मग क्लेरिकला मिळतं ते टाळाटाळीचं उत्तर राहत नाही. आपला देवही ऐकीव गोष्टच सांगतोय, हा धक्का असतो.

७. टेबलावर आणा

वाचून दाखवू नका. लग्नात पुजाऱ्याचं एक वाक्य, पोरांच्या खेळातलं एक कडवं, अर्धा फुटलेला शिलालेख, एवढ्यातून ती झिरपू द्या. एका वेळी मिनिटभराहून जास्त नको. कोणी ‘नेमकं काय झालं होतं?’ विचारलं तर उलट विचारा, ‘तुझ्या पात्राच्या आजीने काय सांगितलं होतं?’ खेळाडू जे काही रचेल ते तसंच वहीत टिपा आणि दोन-तीन सेशननंतर एखाद्या म्हाताऱ्या एनपीसीच्या (डीएमच चालवतो अशा पात्राच्या) तोंडी घाला, एखादा तपशील फिरवून.