विदर्भाच्या हवेत पाळीव सापाची पेटी कशी सांभाळावी

आधी कायद्याचं. धुऱ्यावर सापडलेली धामण किंवा अजगराचं पिल्लू पेटीत ठेवायचं मनात असेल, तर तो विचार सोडा. आपल्याकडच्या सापांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ते पाळता येत नाहीत. इथे मी लिहितोय ते बॉल पायथनबद्दल. हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तो घरी असेल तर २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश, दुसऱ्या टोकाला २५ ते २७, आणि हवेतली ओल ५५ ते ७० टक्के, एवढं जमवायचं असतं. सापाला अंग तापवता येत नाही की निववता येत नाही, तो फक्त जागा बदलतो. म्हणून लपायचा डबा दोन्ही टोकांना हवा. एकच ठेवला तर आडोसा सोडवत नाही म्हणून तो नको त्या गरमीत बसून राहतो.

पेटी ठेवायला टिनाखालची खोली नको. कवेलूच्या घराचं, मातीच्या भिंतींचं माजघर सगळ्यात बरं. पश्चिमेच्या भिंतीला पेटी टेकवू नका. ती भिंत रात्री नऊपर्यंत गरम असते.

मग मोजमाप. वायरच्या टोकाला सेन्सर असलेले दोन डिजिटल मीटर घ्या आणि सेन्सर तळाशी, साप बसतो त्या उंचीवर लावा. मी पहिल्या वर्षी मीटर वरच्या जाळीजवळ चिकटवला होता. तिथे ३० दिसायचं नि मी निर्धास्त. खाली हीट मॅटवर, म्हणजे पेटी तापवणाऱ्या विजेच्या चटईवर, मात्र हात ठेवता येत नव्हता. ही मॅट थर्मोस्टॅटशिवाय (ठरवलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या यंत्राशिवाय) लावूच नका, सापाचं पोट भाजतं.

खरी परीक्षा मे महिन्यात, त्यातही नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत. परदेशी माहितीत सगळा भर पेटी गरम करण्यावर असतो. आपल्याकडे बाहेर ४५ अंश असतात. पेटी ३५च्या वर गेली की सापाच्या जिवाला धोका. त्यात हवा कोरडी. ३० अंशांवर ५० टक्के ओल असलेली हवा तशीच ४५पर्यंत तापली, तर ओल साधारण २२ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच असतं, पण गरम हवेची तहान वाढलेली असते. इथे आपला वाळ्याच्या ताट्यांचा कुलर दोन्ही कामं करतो: खोली निववतो आणि ओलही देतो. आमच्या आजीला हे पटलं नाही. ‘माणसं घामानं भिजून रायली, अन् सापाले कुलर!’ शेवटी तिची बंगई (झोपाळा) त्याच खोलीत हलवली, तेव्हा भांडण मिटलं.

कुलरचा झोत थेट पेटीवर नको. मॅट बंद ठेवा. जाळीचं झाकण अर्धंअधिक झाका, पाण्याचं भांडं मोठं ठेवा, खाली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पसरून त्याचा खालचा थर ओला करा. भर दुपारी पेटीत फवारा मारू नका. गरम काचेत नुसती वाफ कोंडते. लाईन गेली तर बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून झाकणाच्या एका कोपऱ्यावर ठेवायची.

ओल कमी पडली हे कात सांगते. नीट ओल असली की कात मोज्यासारखी अख्खी उलटून निघते. माझ्याकडे एका उन्हाळ्यात ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि डाव्या डोळ्यावरचा पापुद्रा तसाच राहिला. चिमट्याने ओढायचा मोह होतो. ओढू नका, डोळा जाईल. झाकणाच्या डब्यात ओलं कोकोपीट भरून, आत शिरायला भोक पाडून तो डबा पेटीत ठेवला. पुढच्या कातीबरोबर तो पापुद्राही गेला.

पावसाळ्यात सगळं उलटं करायचं. कुलर बंद, झाकण मोकळं, कोकोपीटऐवजी वर्तमानपत्र, आणि ते ओलं झालं की लगेच बदलायचं. सतत ओलीत राहिलं तर पोटाचे खवले सडतात. तोंड उघडून श्वास घेणं, नाकाशी बुडबुडे दिसणं म्हणजे छातीचा संसर्ग. तालुक्याच्या दवाखान्यात सापाला हात लावणारा डॉक्टर मला काही मिळाला नाही, नागपूर गाठावं लागलं. नंबर आधीच घेऊन ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली येतो. तेव्हा मॅट थर्मोस्टॅटवर ३२ला लावा आणि पेटीच्या तीन बाजूंना थर्माकोल लावा. छोटी मॅट पंख्यापेक्षा कमी वीज खाते, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर रात्र निघते. इन्व्हर्टर नसेल तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा आणि पेटीवर गोधडी टाका, हवेची भोकं मात्र सोडा. पेटी गारठलेली असताना उंदीर देऊ नका. थंडीत तो पचत नाही, साप ओकून टाकतो, आणि मग दहा-पंधरा दिवस त्याला काहीच देता येत नाही.