बदल-व्यवस्थापनातील पहिली दोन वर्षे

बदल-व्यवस्थापनाच्या, म्हणजे संस्थेत नवी पद्धत किंवा प्रणाली येताना ती लोकांच्या अंगवळणी पाडण्याच्या, क्षेत्रात मी मनुष्यबळ विभागातून आलो. माझ्यासोबतचे काही जण माहिती-तंत्रज्ञानातून, तर काही उत्पादन विभागातून आले होते. या कामाला एकच ठरलेली पदवी लागत नाही; औद्योगिक मानसशास्त्र किंवा व्यवस्थापन शिकलेल्यांना सुरुवात थोडी सोपी जाते, एवढेच. नवख्याच्या वाट्याला येणारी कामे साधी दिसतात: कोणत्या विभागावर काय परिणाम होईल याचा तक्ता करणे, संबंधितांची यादी करणे, सूचनापत्रांचे मसुदे लिहिणे, प्रशिक्षणाची हजेरी ठेवणे. यांपैकी पहिले काम सर्वांत मोलाचे आहे आणि नेमके तेच घाईने उरकले जाते, हे मला उशिरा कळले.

माझा पहिला प्रकल्प भांडार विभागातील नोंदवह्या बंद करून तेथे ईआरपी, म्हणजे साठा, खरेदी, हिशेब अशा सर्व विभागांच्या नोंदी एकत्र ठेवणारी संगणक प्रणाली, आणण्याचा होता. पहिल्या दोन आठवड्यांत वापराचे आकडे चढले आणि तिसऱ्या आठवड्यात वरिष्ठांनी प्रकल्प यशस्वी झाल्याचे पत्रकही काढले. व्यवस्थापनतज्ज्ञ जॉन कॉटर यांनी १९९५ च्या आपल्या लेखात बदल फसण्यामागच्या ज्या आठ चुका सांगितल्या, त्यांत विजय फार लवकर जाहीर करणे ही एक आहे. ती मी परीक्षेसाठी पाठ केलेली होती, तरी पत्रकाचा मसुदा माझ्याच हातचा होता. त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आले की आवक घेणारे ज्येष्ठ भांडारपाल दिवसभराच्या नोंदी आधी स्वतःच्या वहीत करतात आणि संध्याकाळी एकगठ्ठा संगणकावर चढवतात, त्यामुळे पडद्यावरील साठा दिवसभर चुकीचा दिसतो. मी अहवालात ‘वापरकर्त्यांचा विरोध’ असे शीर्षक देऊन चार ओळी लिहिल्या आणि उपाय म्हणून फेरप्रशिक्षण व रोजचा वापर-अहवाल सुचवला. दोन्ही मंजूर झाले. वही टेबलावरून खणात गेली, इतकाच फरक पडला.

ती वही मी पाहिली ती जवळजवळ महिन्याभराने, आणि तीही मुद्दाम नव्हे. मेळ न बसणारी एक नोंद शोधताना भांडारपालांनीच ती माझ्यापुढे उघडली. ओळीओळीच्या शेवटी समासात शेरे होते: हा माल तपासणीशिवाय उतरवून घेतला, यातील दोन खोकी ओली निघाली, उरलेला माल पुरवठादार उद्या देणार आहे. आम्ही प्रणालीची जी मांडणी केली होती, तीत आवक एक तर पूर्ण स्वीकारायची किंवा पूर्ण नाकारायची, असे दोनच पर्याय ठेवले होते. अर्धवट आलेला किंवा तात्पुरता ठेवून घेतलेला माल हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता, आणि परिणामांचा तक्ता मी भरला होता तो विभागप्रमुखांना विचारून, ज्यांनी कित्येक वर्षांत स्वतः आवक घेतलेली नव्हती. ‘प्रलंबित’ अशी एक स्थिती आणि शेऱ्यासाठी एक रकाना जोडायला तांत्रिक गटाला चार दिवस लागले. फेरप्रशिक्षणावर आम्ही त्याहून अधिक दिवस घालवले होते.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांचे नाव अभ्यासक्रमात येते ते वितळवणे, बदलणे आणि पुन्हा गोठवणे, म्हणजे जुनी सवय सैल करणे, नवी आणणे आणि ती पक्की करणे, या तीन पायऱ्यांसाठी. १९४७ च्या मूळ लेखात तो भाग अगदी थोडका आहे. त्याला आजचे आखीव रूप पुढच्या लेखकांनी दिले. त्याच लेखातील दुसरा विचार मला अधिक कामाचा वाटतो: कोणतेही चालू वर्तन हे पुढे ढकलणाऱ्या आणि अडवणाऱ्या शक्तींच्या तोलावर टिकून असते, आणि ढकलणारी शक्ती वाढवली तर ताणही वाढतो, तर अडवणारी कमी केली तर तो घटतो. रोजचा वापर-अहवाल म्हणजे ढकलणे होते. शेऱ्याचा रकाना म्हणजे अडसर काढणे.

सहभागाविषयी बोलताना लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांचा १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग हमखास सांगितला जातो. अमेरिकेतील व्हर्जिनियामधल्या, पायजमे शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाची पद्धत बदलताना एका गटाला फक्त निर्णय कळवला गेला. त्यातील १७ टक्के कामगार पहिल्या ४० दिवसांत सोडून गेले. ज्या गटांतील सर्वांना आखणीत घेतले, त्यांचे उत्पादन लवकर सावरले आणि पुढे आधीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेले. मात्र हे गट लहान होते, आणि नॉर्वेतील एका पादत्राणांच्या कारखान्यात याच धर्तीवर केलेल्या, १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उत्पादनात तसा फरक दिसला नाही. ज्या निर्णयात सहभाग दिला तो कामगारांच्या लेखी फारसा महत्त्वाचा नव्हता, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. झेंड्याचा रंग निवडायला बोलावलेल्या माणसाला आपले कशासाठी बोलावणे आहे ते लगेच कळते.

बदलाचे ७० टक्के प्रयत्न फसतात, हे वाक्यही तुम्हाला पहिल्याच महिन्यात ऐकू येईल. संशोधक मार्क ह्यूज यांनी २०११ मध्ये या आकड्याचा माग काढला, तेव्हा त्यामागे भरवशाचा पुरावा आढळला नाही. सादरीकरणात तो वापरू नये.

आता मी परिणामांचा तक्ता भरण्यापूर्वी किमान एक दिवस काम चालते त्या जागी बसण्याची परवानगी मागतो आणि खासगी वह्या, पडद्याला चिकटवलेल्या चिठ्ठ्या, कोणाला फोन करून काय विचारले जाते, हे टिपून घेतो. अर्थात प्रत्येक विरोधाच्या तळाशी अशी वही सापडत नाही. दुसऱ्या प्रकल्पात पाळ्या लावण्याचे काम पर्यवेक्षकांकडून काढून संगणकाकडे दिले, तेव्हा त्यांच्या हातची सत्ता खरोखरच गेली होती. तेथे अधिक चांगला रकाना शोधण्यात मी सहा आठवडे वाया घालवले. त्यांना बदल्यात कोणती जबाबदारी द्यायची हा निर्णय वरिष्ठांचाच होता, आणि तो वरिष्ठांपुढे स्पष्ट शब्दांत ठेवण्याचे काम माझे होते.