सांबऱ्याच्या उन्हात इंजिन तापतंय? या चुका टाळा

एप्रिल-मेच्या उन्हात सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, फ्लाइंग शिकणारी आपल्याकडची पोरं, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची, एकच विचारतात, विमान क्लाइंबला (वर चढायला) लागलं की इंजिनचं टेम्परेचर लाल रेघेकडं का सरकतंय. कारण बऱ्याचदा जमिनीवरच असतंय, खरं आपण ते वर गेल्यावर शोधतो.

सगळ्यात मोठी चूक प्रीफ्लाइटला, म्हणजे उडण्याआधीच्या तपासणीला, होते. ऑइलची डिपस्टिक बघितली, झाकण लावलं, झालं! असं करू नका. सेसना 172 विमानातलं लायकॉमिंग कंपनीचं इंजिन हवेवर थंड होतंय, पुढनं शिरलेली हवा सिलिंडरच्या वर दाबानं साठते आणि फिन्समधनं (सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमधनं) खाली उतरून बाहेर पडते, ती मधेच दुसरीकडनं पळू नये म्हणून बॅफल (आडोसे) असतात आणि त्यांच्या कडेला रबराची नाहीतर सिलिकॉनची पट्टी. ही पट्टी इंजिनच्या बाजूला वाकलेली पाहिजे, म्हणजे हवेचा दाबच तिला काऊलिंगला (इंजिनवरच्या कवचाला) चिकटवून धरतो. काऊलिंग बसवताना ती उलटी दुमडली की तिथनं हवा निसटते आणि सिलिंडर तापायला लागतात. म्हणून पुढच्या दोन्ही भोकांतनं टॉर्च मारून बघाच, पावसाळ्यात विमान चार दिवस उभं असलं तर पाखरांनी काड्या आणून टाकलेल्या पण सापडतात. मेंटेनन्सला वरचं काऊलिंग काढलं असेल तर त्याची आतली बाजू बघा, पट्टी घासून काळी रेघ उमटलेली असते, रेघ जिथं तुटलीय तिथं गळती. एएमईंना (विमान दुरुस्तीच्या इंजिनिअरना) तिथंच बोट ठेवून दाखवा, दुरुस्ती त्यांनाच करू दे.

दुसरं, शेपटीकडनं वारा घेऊन रनअप (उडण्याआधी जमिनीवर इंजिन जोरात फिरवून बघणं) करत बसणं. नाक वाऱ्याकडं करा आणि उगाच वेळ काढू नका.

आता उंचीचं. सांबरा सुमारे 2,500 फुटांवर, त्यात 38 अंश ऊन असलं की डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विरळ हवेमुळं विमानाला जाणवणारी उंची, 5,800 फुटांच्या आसपास जातंय. विमान चढेना म्हणून पोरं नाक अजून वर ओढतात, स्पीड पडतो, हवा कमी मिळते आणि इंजिन आणखी तापतंय. समोर अडथळा नसेल तर नाक थोडं खाली घ्या, 75 च्या जागी 85 नॉट ठेवा, उंची जरा उशिरा मिळाली तरी चालतंय. मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) हँडबुकात सांगितलंय तेवढंच लीन करा, म्हणजे त्यातलं पेट्रोल कमी करा, पेट्रोल वाचवायला फुल थ्रॉटलवर जास्त मागं ओढलं तर सिलिंडर हेड भाजून निघतात, कारण जादा पेट्रोलच तिथं थंडावा देतं.

गेजवर पण आंधळा विश्वास नको. जुन्या विमानांत बऱ्याचदा नुसतं ऑइल टेम्परेचर असतंय आणि त्याचा काटा उशिरा हलतो. सीएचटी (सिलिंडर हेडचं टेम्परेचर दाखवणारा गेज) असेल तर लायकॉमिंगची हद्द 500 फॅरनहाइट आहे, खरं क्रूझला (एका उंचीवर सरळ उडताना) 400 च्या खालीच ठेवा, इंजिन जास्त टिकतंय.

ऑइलचं टेम्परेचर चढतंय आणि प्रेशर पडतंय असं दोन्ही एकदम दिसलं तर मिक्स्चरशी खेळत बसू नका, पॉवर कमी करा, रेडिओवर सांगा आणि जवळच्या धावपट्टीवर उतरा.