हायस्कूलमधलं कॉलेज क्रेडिट हातचं घालवू नका

अमेरिकेत मूल नववी-दहावीत असेल, तर शाळेच्या कौन्सेलरला नक्की विचारा: वेल्डिंग, नर्सिंग असिस्टंट, नेटवर्किंग अशा सीटीई (करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन, म्हणजे व्यवसायशिक्षणाच्या) विषयांचं कॉलेज क्रेडिट (पुढे कॉलेजच्या अभ्यासक्रमात धरले जाणारे श्रेयांक) मिळतं का, आणि कसं? ड्युअल एनरोलमेंट (शाळेत असतानाच कॉलेजचा कोर्स करणं) असेल तर ग्रेड थेट कॉलेजच्या कायमच्या ट्रान्सक्रिप्टवर चढते. तिथला ‘सी’ पुढेही दिसत राहतो. आर्टिक्युलेटेड क्रेडिट (शाळा आणि कॉलेजमधल्या करारानुसार शाळेतल्या कोर्सला मिळणारं कॉलेज क्रेडिट) मात्र बहुधा आपणहून अर्ज करून मागावं लागतं, ठरलेली ग्रेड आणि मुदत सांभाळून. मुलं नेमकी इथेच राहून जातात, आणि वर्षभराची मेहनत अशी वाया गेली की फार हळहळ वाटते. शाळेशी असा करार नसलेल्या विद्यापीठात जायचं असेल, तर तिथल्या रजिस्ट्रारकडून आधीच ईमेलवर होकार घ्या. कोर्सचा सिलॅबसही जपून ठेवा, तो मागतात.