कामाच्या आवाजाने ऐकू कमी येते? गोव्यातल्या कामगाराने भरपाई कशी मागावी

ऐकू कमी येऊ लागले तरी माणूस पाळीवर जातच राहतो. रजा पडत नाही, अपघाताची नोंद होत नाही, आणि दावा तिथेच कच्चा राहतो. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कायद्याच्या यादीत व्यावसायिक आजार म्हणून आहे. एकाच मालकाकडे सलग सहा महिने तशा आवाजात काम केलेले असावे लागते.

१. आधी ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येते ते मोजणारी तपासणी. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या कानाच्या डॉक्टरकडे. पाळी सुटल्या सुटल्या जाऊ नका; रात्रभर तरी कानांना विश्रांती द्या, नाहीतर तात्पुरता बधिरपणाही मोजला जातो आणि समोरचा वकील त्यावरच बोट ठेवतो. आवाजाने बिघडलेल्या कानाचा आलेख बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खचलेला दिसतो. मशीन कुठले, किती वर्षे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

२. पगाराची स्लिप पाहा. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर दावा ईएसआयकडेच. कमाईची क्षमता किती टक्के घटली हे तिथले वैद्यकीय मंडळ ठरवते. मालकाकडून वेगळी भरपाई मिळत नाही. खाणी जुन्या ईएसआय कायद्याच्या बाहेर होत्या, म्हणून डिचोली-सत्तरीच्या खाणकामगाराने स्लिपवर ईएसआय नसेल तर पुढचे नीट वाचावे.

३. मालकाला लेखी कळवा. सगळ्यात महत्त्वाचे हेच, आणि लोक हेच टाळतात. दोनच ओळी पुरतात: "मी २०१४ पासून क्रशरवर काम करतो. तेथील आवाजामुळे माझी श्रवणशक्ती कमी झाल्याचे तपासणीत आढळले आहे, तरी नोंद घ्यावी." तारीख घाला, प्रतीवर सही-शिक्का घ्या, देत नसतील तर पोस्टाने पाठवून पोच जपा. रजा न पडलेल्या कामगाराची दाव्याची दोन वर्षांची मुदत या नोटिशीपासून मोजतात. काम सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली तरी दावा बसतो. कंत्राटी असाल तर मूळ कंपनीलाही प्रत द्या.

४. दावा. १९२३ चा भरपाई कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. अर्ज कोणत्या नमुन्यात द्यायचा ते पणजीच्या कामगार आयुक्त कार्यालयात विचारा. हिशेब असा: मासिक वेतनाचे ६० टक्के, गुणिले वयाचा गुणक (वयानुसार कायद्यात ठरलेला आकडा), त्यातला घटलेल्या क्षमतेचा हिस्सा. वय ४० असेल तर गुणक १८४.१७. वेतन १५,००० आणि घट २० टक्के धरली तर ३,३१,५०६ रुपये. पूर्ण बहिरेपणा १०० टक्के धरतात.

साहेब म्हणतील, "वयामुळे झालं असेल." त्यावर वाद घालू नका, नोकरीला लागतानाची कानतपासणी मागा.