कुत्रं फिरवताना या चुका टाळा: ‘चावत नाय ओ’ म्हणून सुटका होत नाही

कोल्हापुरात रंकाळा तलावावर सकाळी साडेसहाला एक फेरी मारा, कुणीतरी लांबूनच ओरडताना हमखास ऐकू येईल, “काय करत नाय ओ, लई प्रेमळ हाय!” माझ्या घरात दोन कुत्री आहेत आणि पोटापाण्यासाठी मी वकिली करते. हे वाक्य जे म्हणतात, त्यांच्यातलेच काही पुढे नोटीस हातात घेऊन माझ्यासमोर बसतात. प्रेमळ कुत्र्यामुळेही माणसाचं हाड मोडतं, हे त्यांना तोवर कुणी सांगितलेलंच नसतं.

सगळ्यात मोठी चूक हीच: चावलं तरच आपली जबाबदारी, असं समजणं.

शालिनी पॅलेसच्या बाजूला घडलेली गोष्ट. दीड वर्षाचं लॅब्रेडॉर, तरण्या पोराच्या हातात तो आपोआप लांबणारा-आखडणारा पट्टा. प्लास्टिकची मूठ आणि त्यातून पाच मीटरपर्यंत सुटणारी बारीक दोरी. पोरगं फोनवर बोलत होतं. पलीकडे कणसं भाजत होती, तिकडं कुत्रं गेलं आणि दोरी वाटेवर घोट्याच्या उंचीवर ताणली गेली. पहाटेच्या उजेडात ती दिसतसुद्धा नाही. मागून येणाऱ्या निवृत्त शिक्षिका काकू त्यात अडकून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पुढे कितीतरी दिवस वॉकर. त्या पोरानं काय केलं? “चावलं नाय, पंजा पण लावला नाय,” म्हणून कुत्रं घेऊन निघून गेलं. माझ्याकडे आलं ते फिर्याद झाल्यावर. साक्षीदारांनी जबाबात पहिल्यांदा सांगितलं ते काकू पडल्याचं नव्हे, तो थांबला नाही हे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये ‘चावणे’ हा शब्दच नाही. ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असेल, तर पुरेशी खबरदारी घ्यायलाच हवी. ती जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हाच दंड १,००० रुपये होता. हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापत आहे. बेपर्वाईमुळे ती झाली, तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दवाखान्याचा खर्च आणि नुकसानभरपाईचा दिवाणी दावा याहून वेगळा.

लांबणारा पट्टा गर्दीच्या जागी आणूच नका. माझ्याकडे दीड मीटरचा जाड सुती पट्टा आहे, तळहाताभोवती एक वेढा घेऊन धरते. समोरून माणूस आला की कुत्रं तलावाच्या कठड्याकडे आणि मध्ये मी. कुत्र्याला हे शिकायला तीन-चार महिने लागले. लोकांना तेवढाही धीर नसतो. पिल्लू आणून पंधरा दिवस होत नाहीत तोच रविवारच्या संध्याकाळी, भेळेच्या गाड्यांच्या गर्दीत, फोटोसाठी त्याला घेऊन येतात. ते बिचारं घाबरून कुणाच्याही अंगावर उडी मारतं. आधी रिकामी गल्ली, मग बाग, गर्दी सगळ्यात शेवटी. यात मधला रस्ता मला तरी सापडलेला नाही.

दुसरी चूक, पट्टा कुणाच्याही हातात देणं. कायदा ‘ताब्यात’ म्हणतो, ‘मालकीचा’ म्हणत नाही. त्यामुळे फिरवायला ठेवलेला माणूसही यात अडकतो आणि त्याला नीट न सांगता कुत्रं सोपवणारे तुम्हीही सुटत नाही. दहा वर्षांच्या पोराच्या हातात पस्तीस किलोचं जर्मन शेफर्ड देणाऱ्या आई-बापांना तर मी भर रस्त्यात थांबवून बोलते. त्यांना राग येतो, येऊ दे.

कुत्र्यांना मुभा असलेल्या कॅफेत गेलात म्हणून तुमची जबाबदारी कॅफेवाल्याच्या गळ्यात पडत नाही. तीच गोष्ट मिसळीच्या दुकानाबाहेर बाकाच्या पायाला कुत्रं बांधून आत बसण्याची. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी लावली की आपण मोकळे, हाही गैरसमज आहे. कुत्रं धोकादायक असल्याचं तुम्हाला माहीत होतं, हे दाखवायला समोरचा वकील तीच पाटी पुढे करू शकतो. मिरवणुकीच्या दिवशी डॉल्बीच्या आसपास कुत्रं नेऊ नका, एवढंच. आणि कुणी खोडी काढली म्हणून चावलं असेल, तर भरपाई कदाचित कमी होईल. ती पूर्ण टळेल असं धरून चालू नका.

आता खरोखरच चावलं तर. घाबरलेले लोक इथं जे करतात ते मला सगळ्यात जास्त लागतं: कुत्रं रातोरात गावाकडं, शेतावर पाठवतात. एकानं असंच केलं. चावा लागलेल्या मुलीचे वडील चौथ्या दिवशी कुत्र्याच्या लसीचं कार्ड मागायला आले, तर दारात ना कार्ड, ना कुत्रं. मुलीला सगळी इंजेक्शनं घ्यावी लागलीच, शिवाय तिच्या आईची रोजची झोप उडाली. चावलेलं कुत्रं दहा दिवस डोळ्यांसमोर लागतं. ते दहा दिवस ठणठणीत राहिलं, तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, असं डॉक्टर सांगू शकतात. अर्थात लस सुरू करायला दहा दिवस थांबायचं नसतं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना काही लावायचं नाही.

तिथं चावा लागलेल्या माणसासोबत तुम्ही जायचं, पहिलं बिल तुम्ही भरायचं. लसीच्या कार्डाचा फोटो माझ्या फोनमध्ये कायम असतो, तसा तुमच्याही असू द्या आणि तो तिथल्या तिथं त्यांना पाठवा. माझ्या अशिलांना मी आणखी एक करायला लावते: दहा दिवस रोज सकाळी कुत्रं भाकरी खाताना, पाणी पिताना त्याचा छोटा व्हिडिओ काढून त्या घरी पाठवायचा.