जुना पीएस२ घेताय किंवा उघडताय? आधी नंबर वाचा, या चुका टाळा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तासगावचा एक पोरगा पिशवीत फॅट पीएस२ (सोनीच्या प्लेस्टेशन २ या गेम कन्सोलचा जुना, जाड अवतार) घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या मामांनी जपानहून आणलेला, डब्यासकट जपलेला. "वायर बरोबर बसली ओ दादा. मागचं बटण दाबलं आन् फट्टकन आवाज आला." झाकण काढल्याबरोबर जळका वास आला. पॉवर सप्लायच्या पट्टीवरचा, म्हणजे सर्किट बोर्डावरचा, फ्यूज आतून काळा पडला होता आणि शेजारचा मोठा कपॅसिटर वरून फुगला होता. मशीन १०० व्होल्टचं, आपल्याकडची लाईन २३० ची.

या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. फॅट पीएस२ ला मागे जुन्या टेपरेकॉर्डरची असते तशी आठाच्या आकाराची दोन पिनांची वायर लागते. घरात पडलेली कुठलीही वायर तिथे बसते, मशीन कुठल्या देशाचं आहे हे तिला कळत नाही. ते कळतं फक्त स्टिकरवरून. मी सांगलीत संध्याकाळचा वेळ काढून जुने कन्सोल दुरुस्त करतो, आणि माझ्या टेबलावर आलेली निम्मी दुखणी अशी असतात की नंबर आधी वाचला असता तर ती झालीच नसती.

पीएस२ म्हणजे एक मशीन नव्हे. मार्च २००० मध्ये तो जपानमध्ये आला, २०१३ च्या सुरुवातीपर्यंत बनत राहिला, आणि या काळात सोनीने त्याचं पोट कितीतरी वेळा बदललं. मागे किंवा तळाला 'एससीपीएच' आणि पुढे पाच आकडे छापलेले असतात. पहिले आकडे मालिका सांगतात: ३००००, ३९०००, ५०००० या फॅट, ७०००० पासून पुढे स्लिम, म्हणजे पातळ. शेवटचा आकडा देश सांगतो. ० जपान, १ अमेरिका, ३ ब्रिटन, ४ युरोप, ६ हाँगकाँग-सिंगापूर. शेवटी ० किंवा १ असलेला फॅट आपल्या प्लगमध्ये थेट लावायचा नाही, म्हणजे नाहीच. व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, १०० वॉटचा पुरतो. जपानी मशीनला १०० व्होल्ट हवेत, अमेरिकन मशीनला १२०, हेही दुकानदाराला सांगा.

स्लिमची गोष्ट वेगळी. ७०००० ते ७९००० पर्यंत पॉवर सप्लाय बाहेर, काळ्या अॅडॉप्टरमध्ये असतो, आणि तो ८.५ व्होल्ट देतो. हा आकडा विचित्र आहे, बाजारात सहज मिळत नाही, आणि म्हणून लोक पिन कापून सीसीटीव्हीचा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर जोडतात. तो आधी चालतोही, म्हणून फसायला होतं. कृपा करून हे करू नका. आतल्या रेग्युलेटरवर ताण पडतो आणि एक दिवस मशीन लाल दिवासुद्धा दाखवत नाही. ९०००० च्या मालिकेत मात्र सप्लाय परत आत गेला, त्यामुळे अॅडॉप्टर मागणारा स्लिम आणि न मागणारा स्लिम दिसायला जवळजवळ सारखेच. जुन्या सामानात "अॅडॉप्टर हरवलाय, म्हणून स्वस्त देतो" असं कुणी म्हणालं, तर आधी तळाचा नंबर बघा. तो ९०००० चा असेल तर अॅडॉप्टर कधी नव्हताच. व्होल्टेज तिथे स्टिकरवर छापलेलं असतं, ते वाचून मगच वायर लावा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. गेम लोड होत नाही, की लगेच निदान होतं, "लेन्स गेली". नवी लेन्स मागवली जाते, बसवली जाते, गेम तरी चालत नाही. मग मशीन भंगारात.

थांबा. तीन गोष्टी तपासायच्या आहेत.

पहिली, कुठली डिस्क चालत नाही? पीएस२ च्या काही गेम डीव्हीडीवर आल्या, त्यांची खालची बाजू चंदेरी असते. काही जुन्या गेम सीडीवर आल्या, त्यांची खालची बाजू निळी-जांभळी असते. पीएस१ च्या डिस्क काळ्या. लेन्समध्ये सीडीसाठी आणि डीव्हीडीसाठी दोन वेगळे लेझर आहेत. चंदेरी चालतात आणि निळ्या अडतात, असं असेल तर लेन्सचा एक भागच थकलाय, हे लगेच कळतं. दोन्ही रंगांच्या दोन-दोन डिस्क जवळ ठेवा, पाच मिनिटांत निकाल लागतो.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे, आणि मला ती सांगावीशीच वाटते. ७५००० च्या मालिकेपासून सोनीने आतला एक प्रोसेसर बदलला. आधीच्या मशीनमध्ये इनपुट-आउटपुटचं काम बघणारी चिप ही खऱ्या पीएस१ च्या प्रोसेसरचीच होती. म्हणून तर पीएस१ च्या गेम इतक्या सहज चालायच्या. ७५००० मध्ये तिच्या जागी पॉवरपीसी जातीची चिप आली, आणि ती जुन्या चिपची सॉफ्टवेअरने नक्कल करू लागली. नक्कल चांगली आहे, पण पूर्ण नाही. पीएस१ च्या काही गेम आणि पीएस२ च्याही मोजक्या गेम त्यात अडकतात. म्हणजे मित्राच्या ५०००४ वर सुरळीत चालणारी तीच डिस्क तुमच्या ७७००४ वर एका ठरलेल्या जागी थांबत असेल, तर लेन्सला हात लावू नका. दर वेळी नेमक्या त्याच ठिकाणी अडकते का, ते बघा. लेन्सचं दुखणं असं शिस्तीत येत नाही, ते आज इथे, उद्या तिथे अडतं.

तिसरी, लेन्स खरंच गेली असेल तर नवी घेताना. फॅटमध्येही मालिकेप्रमाणे वेगवेगळ्या लेन्स आहेत. जुनी काढून तिच्यावरचं नाव वाचा, तेच नाव मागा. आणि नवी बसवल्यावर डिस्क फिरत नसेल, तर "डुप्लिकेट माल दिला" म्हणून लगेच भांडायला जाऊ नका. नव्या लेन्सच्या छोट्या पट्टीवर दोन ठिपके सोल्डरच्या एका थेंबाने मुद्दाम जोडलेले असतात. वाटेत स्थिर विजेने लेझर मरू नये म्हणून ही सोय. रिबन (लेन्सची चपटी वायर) नीट बसल्यावर तो थेंब सोल्डरिंग आयर्नने अलगद उचलायचा. तो तसाच राहिला तर लेझर लागतच नाही. माझ्याकडे 'खराब' म्हणून आलेल्या दोन लेन्स फक्त हा थेंब काढून चालू झाल्या.

फॅटच्या ट्रेखाली एक पांढरं दातेरी चाक असतं. ते फिरवून लेन्सचा कल बदलतो. हात लावण्याआधी पेनाने खूण करा, आणि एका वेळी एकच दाता. लेन्सवरचा बारीक प्रीसेट (स्क्रूसारखा फिरणारा छोटा रेझिस्टर) मात्र फिरवू नका. त्याने लेझरचा करंट वाढतो, चार दिवस गेम चालते आणि मग लेन्स कायमची जाते.

स्लिममध्ये डिस्कवर कंपासने काढल्यासारखी गोल रेघ पडत असेल, तर लेन्सची रिबन सैल होऊन वर आलीय. मशीन लगेच बंद करा, नाहीतर एकामागून एक डिस्क जातील.

बाकी छोटं-मोठं. फॅटचा मल्टीटॅप (जास्त कंट्रोलर जोडायचा डबा) स्लिमला बसत नाही. हार्ड डिस्कचा कप्पा ३०००० ते ५०००० च्या फॅटलाच आहे, आणि तिथे नेटवर्क अॅडॉप्टरसकट ३.५ इंची आयडीई (जुन्या कॉम्प्युटरमधली, रुंद पट्टी-वायरची) डिस्क लागते. ५०००० पासून रिमोटचा रिसीव्हर मशीनमध्येच आहे, वेगळा शोधत बसू नका. जुन्या पॅल (आपल्याकडच्या रंगपद्धतीच्या) टीव्हीवर जपानी किंवा अमेरिकन मशीन कृष्णधवल दिसत असेल, तर मशीन चांगलं आहे, टीव्हीला तिकडच्या एनटीएससी पद्धतीचे रंग कळत नाहीत.

फ्री मॅकबूटचं, म्हणजे बाहेरचं सॉफ्टवेअर चालवू देणारं, मेमरी कार्ड मागवणारे पुष्कळ आहेत. ९०००० च्या मालिकेत स्टिकरवरचा डेट कोड वाचा. ८सीच्या पुढचा असेल तर बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, ती वाट बंद केलेली आहे; ८सी असेल तर बंद असू शकते. कार्ड परत पाठवून दुसरं मागवलं तरी तेच होणार.

आणि स्टिकरवरही आंधळा विश्वास नको. तुटलेल्या मशीनला दुसऱ्याचं कव्हर चढवून विकतात. डिस्क न टाकता मशीन सुरू करा, मुख्य मेनूवर त्रिकोणाचं बटण दाबा. तिथे व्हर्जनची माहिती येते, आणि बहुतेक मशीनवर खरा मॉडेल नंबरही दिसतो. तो आणि स्टिकर जुळला तरच पैसे काढा.

शेवटची चूक आपल्या गावाची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तेव्हा घरातलं काय काय पाण्यात गेलं, ते सांगलीकराला सांगायला नको. त्या पाण्यातून निघालेली मशीन पुसूनबिसून अजून विकली जातात. बाहेरून ती चकाचक असतात. घेण्याआधी फॅट उलटा करा आणि तळाची चौकोनी रबरी टोपणं नखाने उचका. खाली स्क्रू असतात. स्क्रूच्या खाचेत वाळलेला पिवळट गाळ किंवा गंज दिसला, तर मशीन तिथे लावून बघण्याचा हट्ट धरू नका. विकणारा काका म्हणेल, "लावून तर बघ." लावायचं नाही. घ्यायचंच असेल तर भंगाराच्या भावात घ्या, घरी आणून आधी आतला नाण्यासारखा सीआर२०३२ सेल काढा, सगळ्या पट्ट्या सुट्या करून आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवा, चार दिवस पंख्याखाली वाळवा. गाळ सगळ्यात जास्त साठतो तो ट्रेच्या दांड्यांवर आणि रिबनच्या सॉकेटमध्ये. तिथे ब्रश दोनदा फिरवा.